दोन वह्या आणि एक यादी

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर्स दोन वह्यांत लिहिल्या गेल्या आणि अठरा वर्षांच्या शेजारात अबोला आला. चूक नेमकी कुठे होती, हे मला कळलं ते लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर. तेही स्वयंपाकाशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा विषयातून!

‘आई, तुला नाही कळायचं ते!’

लेकीच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नाही अशी आई आमच्या कळंबोलीत काय, अख्ख्या महाराष्ट्रात सापडायची नाही. मीही एकेकाळी व्हीसीआर लावताना माझ्या आईला हेच सुनावलं होतं. फेड झाली, दुसरं काय! पण त्या दिवशी ते वाक्य जरा खोल लागलं. कारण 2001 साली मी स्वतः पनवेलला एका क्लासमध्ये वेब डिझायनिंगचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. एचटीएमएलची पानं हाताने लिहायचे. वाशीच्या एका छोट्या ऑफिसात दोन वर्षं नोकरीही केली. मग लेक झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि माझं सर्टिफिकेट कपाटात साड्यांच्या घडीखाली गेलं, ते गेलंच.

लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. लॅपटॉपवर काहीतरी करत होती. मी चहा ठेवता ठेवता डोकावले, तर ओळखीचे कंस दिसले. ‘एचटीएमएल ना गं हे?’ मी विचारलं. ‘एचटीएमएल नाही, रिअॅक्ट आहे. तुला नाही कळायचं.’

मी काही बोलले नाही. पण मनात म्हटलं, बघतेच आता.

खरं सांगायचं तर मला त्या वेळी एक कारणही होतं. ते कारण आमच्या समोरच्या दारात राहत होतं.

अबोला

आमचं घर कळंबोलीतल्या सिडकोच्या वसाहतीत. समोरच्या जिन्याने वर गेलं की वहिनींचं घर. 26 जुलै 2005 ला कळंबोलीत पाणी भरलं, तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहत होतो. लेक दोन वर्षांची. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तशी वहिनींनी वरून हाक मारली, ‘ताई, बाळाला आधी द्या, सामानाचं नंतर बघू!’ त्या रात्री त्यांच्या एवढ्याशा घरात आम्ही नऊ माणसं झोपलो. तेव्हापासून आमच्यात परकेपणा उरला नाही.

पुढे दोघींनी मिळून फराळाचं काम सुरू केलं. चकली आणि अनारसे वहिनींचे, करंजी, चिवडा, शंकरपाळी माझी. ह्यांचं लोखंड बाजारात काम, तिथली ऑफिसं, ट्रान्सपोर्टवाले, अशा ऑर्डर्स माझ्याकडे यायच्या. वसाहतीतल्या वहिनींकडे. दोघींच्या दोन वह्या. रोज रात्री बसून एकमेकींच्या वहीत उतरवून घ्यायचं, असं ठरलेलं.

2023 च्या दिवाळीत ते ‘रोज रात्री’ जमलं नाही. एका निवृत्त गुरुजींची पाच किलो चकली दोन्ही वह्यांत वेगवेगळ्या तारखेला लिहिली गेली, म्हणून दोनदा केली. आणि लोखंड बाजारातल्या एका ऑफिसची मोठी ऑर्डर मी माझ्या वहीत लिहिली, ती वहिनींच्या वहीत पोचलीच नाही. धनत्रयोदशीला त्यांचा माणूस दारात उभा आणि आमच्याकडे अनारसा नाही! मी म्हटलं, ‘वहिनी, मी सांगितलं होतं.’ त्या म्हणाल्या, ‘नव्हतं सांगितलं. तुम्हीच खोडलं असेल.’ शब्दाने शब्द वाढला. भाऊबीजेला दोन्ही दारं बंद होती. संक्रांतीचं हळदीकुंकूसुद्धा वेगवेगळं झालं.

पुरात न तुटलेलं नातं पाच किलो चकलीनं तुटलं. हसू येतं ना? मला येत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. ऑर्डर्सचं एखादं साधंसं पान करता आलं तर? लेकीला म्हटलं, ‘मला ते रिअॅक्ट शिकव.’ तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. ‘रोज अर्धा तास,’ म्हणाली. ‘आणि मध्ये कुकर लावायला उठायचं नाही.’

एकच नकाशा, अनेक घरं

मैत्रिणींनो, वेबसाईटच्या ज्या भागाशी आपला डोळा आणि बोट यांचा संबंध येतो, म्हणजे बटणं, याद्या, फॉर्म, त्याला ‘फ्रंट एंड’ म्हणतात. आपण मोबाइलवर भाजी मागवतो, तेव्हा दिसतं ते फ्रंट एंड, आणि मागे हिशेब ठेवणारं ते बॅक एंड. हॉटेलातला हॉल आणि भटारखाना म्हणा ना!

माझ्या वेळी पान म्हणजे एक लांबलचक कागद. वरपासून खालपर्यंत लिहीत जायचं. वीस पदार्थ असले की वीसदा तेच ते. लेकीने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘ते विसर. आता तुकडे करायचे. एकेका तुकड्याला कॉम्पोनंट म्हणतात.’

मला पटकन उमगेना. मग ती मला गॅलरीत घेऊन गेली. ‘समोर काय दिसतं?’

समोर काय दिसणार? बिल्डिंगा! सिडको 1970 मध्ये स्थापन झाली आणि तिने नवी मुंबई वसवली ती नोडनोडनं, सेक्टरसेक्टरनं. कळंबोलीत ‘के.एल.’ अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या टाईपची घरं आहेत. पत्त्यातच लिहितात आम्ही ते. एका टाईपचा नकाशा एकदाच काढायचा आणि त्याबरहुकूम घरांच्या रांगा उभ्या करायच्या.

‘तो नकाशा म्हणजे कॉम्पोनंट,’ लेक म्हणाली. ‘आणि दारावरची पाटी वेगळी, वीजमीटर वेगळा, ते बाहेरून दिलेलं असतं. त्याला प्रॉप्स म्हणतात.’

झालं! डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘पदार्थाची ओळ’ हा नकाशा मी एकदाच लिहायचा. मग त्याला ‘चकली’ आणि तिचा दर दिला की चकलीची ओळ, ‘करंजी’ आणि तिचा दर दिला की करंजीची. वीस पदार्थ, पण नकाशा एक. उद्या ओळीचा रंग बदलायचा तर एकाच ठिकाणी बदलायचा. आणि एक नियम, बाहेरून आलेल्या प्रॉप्सना आतल्याने हात लावायचा नाही. पाटीवरचं नाव भाडेकरूनं परस्पर बदलून कसं चालेल?

घरातलं घरात

मग आली ‘स्टेट’. राज्य नव्हे हो, ‘सद्यःस्थिती’! सारख्याच नकाशाच्या घरात आत गेलात की प्रत्येक घर वेगळं. कुणाच्या फ्रिजमध्ये दूध आहे, कुणाचं संपलंय. ही आतली, क्षणाक्षणाला बदलणारी गोष्ट म्हणजे स्टेट. माझ्या पानावर ‘किती किलो’ हा आकडा म्हणजे स्टेट. अधिकचं बटण दाबलं की एकाचे दोन.

इथेच जुन्या आणि नव्या पद्धतीतला मोठा फरक मला कळला. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये दहा दिवसांत उभी केली. पुढे 2006 मध्ये जॉन रेसिग यांचं ‘जेक्वेरी’ आलं आणि काम बरंच सोपं झालं. पण तेव्हाही प्रत्येक हालचाल आपणच सांगायची. तो चौकोन शोध, त्यातला आकडा पूस, नवा लिही, खालची बेरीज बदल, बटण लाल कर. एक सांगायचं राहिलं की पानाचा एक कोपरा शिळा.

रिअॅक्टमध्ये तसं नाही. तिथे नुसतं सांगायचं, ‘स्थिती अशी असेल तेव्हा पान असं दिसलं पाहिजे.’ नवीन सुनेला नैवेद्याचं पान वाढायला शिकवताना आपण काय करतो? ‘आधी चमचा उचल, मग डावीकडे वळ’ असं सांगतो का? एक वाढलेलं पान दाखवतो. मीठ इथे, लिंबू-चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये भात. बस्स! कसं वाढायचं ते ती बघून घेते.

पण दरवेळी सगळं पान नव्याने वाढायचं म्हणजे वेळ जाणार, नाही का? मीही हेच विचारलं. तर म्हणे, रिअॅक्ट आधी मनातल्या मनात नव्या पानाची एक कच्ची प्रत काढतं, तिला ‘व्हर्च्युअल डॉम’ असं भारी नाव आहे. ती जुन्या प्रतीशी ताडून बघतं आणि जेवढा फरक तेवढाच खऱ्या पडद्यावर बदलतं. आपण नाही का, गेल्या महिन्याची किराणा यादी समोर ठेवून म्हणतो, ‘सगळं तेच, फक्त साबुदाणा अर्धा किलो जास्त’? तसंच.

खाडाखोड चालणार नाही

तिसऱ्या आठवड्यात मी अडकले. नवी ऑर्डर टाकली, बटण दाबलं, पडदा ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म. लेक कॉलेजला. दोन तास डोकं फोडून घेतलं. दूध उतू गेलं ते वेगळंच.

संध्याकाळी तिने बघितलं आणि हसली. ‘तू जुन्याच यादीत घुसवलंस. नवी यादी द्यायची असते.’

रिअॅक्ट यादीतला प्रत्येक शब्द वाचत बसत नाही. ते फक्त बघतं, मला दिलेली यादी मघाचीच आहे की दुसरी? मघाच्याच यादीत गुपचूप भर घातली तर त्याला वाटतं, काहीच बदललं नाही. म्हणून जुन्याची नक्कल करायची, तीत नवं घालायचं आणि ती नवी प्रत हातात द्यायची.

हे शेजारी बसून ऐकत होते. लोखंड बाजारात तीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस. म्हणाले, ‘यात नवीन काय? खातेवहीत खोडायचं नसतं. चुकलं तर दुसरी नोंद करायची.’ लेक आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो!

चूक कुठे होती?

आणि मग तो दिवस आला, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

पान जवळजवळ झालं होतं. प्रत्येक पदार्थाची ओळ आपापला आकडा सांभाळत होती. खाली एकूण बेरीज दाखवायची होती. ती मी वेगळी साठवली. चकली वाढवली की बेरजेतही भर घालायची, कमी केली की वजा. पण एका ठिकाणी वजा करायला विसरले. वर तीन किलो, खाली बेरीज पाच किलोंची.

लेक म्हणाली, ‘आई, एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहून ठेवली ना, की आज नाही उद्या ती वेगळी होणारच. तू कितीही हुशार अस.’

मी एकदम गप्प झाले. मला आमच्या दोन वह्या दिसल्या.

ती सांगत होती, मी ऐकत होते. अशी चूक जगातल्या मोठ्यात मोठ्या लोकांनाही छळून गेलीय. फेसबुकवर एक विचित्र दोष होता. न वाचलेला संदेश आहे असा आकडा दिसायचा आणि उघडावं तर काहीच नाही. दुरुस्त करायचे, काही दिवसांनी पुन्हा हजर. तिथल्या इंजिनिअर्सनी 2014 मध्ये आपल्या परिषदेत हा किस्सा जाहीरपणे सांगितला. एकच माहिती पानाच्या वेगवेगळ्या भागांत, आणि कोण कोणाला बदलतंय याचा पत्ता नाही. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग असा, की माहिती एकाच दिशेने वाहिली पाहिजे. त्यांच्याच जॉर्डन वॉक या इंजिनिअरनं घडवलेलं रिअॅक्ट 2013 च्या मे महिन्यात सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं होतं. तेही याच विचारावर उभं आहे.

रिअॅक्टमधला नियम असा, की दोन भागांना एकच माहिती लागत असेल तर ती दोघांपैकी कुणाकडेच ठेवायची नाही. दोघांच्या वर जो कुणी असेल, त्याच्याकडे ठेवायची. त्याला ‘स्टेट वर नेणं’ म्हणतात. वरून खाली माहिती येते. खालच्याला बदल हवा असेल तर त्यानं स्वतः खोडायचं नाही, वरच्याला निरोप द्यायचा. वरचा बदलतो आणि मग सगळ्यांना एकाच वेळी नवं दिसतं. आणि बेरीज? ती साठवायचीच नाही. लागेल तेव्हा करायची!

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठ महिने मी मनात एकच खटला चालवत होते, वहिनी चुकल्या की मी? आणि खरं उत्तर हे, की दोघीही चुकल्या नव्हत्या. आमची मांडणीच चुकीची होती. दोन वह्या ठेवल्या तेव्हाच भांडण ठरलं होतं, फक्त तारीख ठरायची बाकी होती.

भांड्यावरचं नाव

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन जिना चढले. वहिनींनी दार उघडलं. ‘या,’ म्हणाल्या नाहीत, पण बाजूला सरकल्या. मी सगळं सांगितलं. वह्या, बेरीज, फेसबुक... सगळं!

ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे माझी चूक नव्हती हे आता तुमचा कॉम्प्युटर सांगणार का? तुम्ही नाही?’

बरोबरच होतं त्यांचं. मी म्हटलं, ‘मी सांगतेय वहिनी. चुकलं माझं, तुम्हाला तसं बोलायला नको होतं.’ त्या उठल्या, आत गेल्या. मला वाटलं संपलं. तर आतून आवाज आला, ‘चहात साखर अजून एकच चमचा ना?’

मग आमचं पान वहिनींनी तपासायला घेतलं, आणि काय सांगू, पंधरा मिनिटांत चूक काढली! एका आजोबांना मधुमेह, त्यांच्या ऑर्डरपुढे मी ‘करंजी साखर कमी’ अशी सूचना लिहिली होती. वहिनींनी त्याच्या वरची ऑर्डर काढून टाकली, तर ती सूचना सरकून भलत्याच्याच नावापुढे! ‘हे असं झालं तर त्या आजोबांना काय खायला घालणार आपण?’ वहिनी म्हणाल्या. अंगावर काटा आला.

लेकीने कारण सांगितलं. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला कायमची स्वतःची खूण लागते, तिला ‘की’ म्हणतात. मी खूण म्हणून नुसता क्रमांक दिला होता. पहिली, दुसरी, तिसरी. मधली गेली की सगळ्यांचे क्रमांक सरकले, आणि रिअॅक्टनं ‘दुसरी’ची सूचना नव्या ‘दुसरी’ला चिकटवली. वहिनी लगेच म्हणाल्या, ‘म्हणून तर भांड्यांवर नाव घालतात! लग्नघरात फडताळातला तिसरा डबा आमचा असं सांगून चालतं का?’ लेकीने वहीत लिहून घेतलं ते. कॉलेजात असं कुणी सांगितलं नव्हतं म्हणे.

तेवढ्यात लेकीने मागचा, साठवणुकीचा भाग जोडून दिला. बाहेरच्या जगाशी असा व्यवहार करायला रिअॅक्टमध्ये ‘इफेक्ट’ असतात. दूधवाल्याला सांगून ठेवावं तसं. मात्र गावाला जाताना ‘उद्यापासून नको’ हेही कळवावं लागतं, नाहीतर पिशव्या दाराशी साठतात. तेवढी आवराआवर आपण लिहायची. आता दोघींच्या मोबाइलवर यादी एकच.

सुरुवात करायची असेल तर

तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल, ‘आता या वयात?’ तर माझी एक विनंती. रिअॅक्टवर थेट उडी मारू नका. आधी एचटीएमएल, मग सीएसएस, मग थोडी जावास्क्रिप्ट, मी जुनी ओळख असूनही तीन महिने त्यातच घालवले. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पात संगणकाचे बरेच धडे मराठीतूनही ऐकता येतात. रिअॅक्टची अधिकृत मार्गदर्शिका 2023 मध्ये नव्याने लिहिली गेली. ती इंग्रजीत आहे, पण उदाहरणं करून बघत जाता येतं. जुनी पुस्तकं, जुने व्हिडिओ मात्र जपून. 2019 मध्ये ‘हूक्स’ आले आणि लिहायची पद्धतच बदलली. कुणी ‘अँग्युलर’ शिका म्हणेल, कुणी इव्हान यू यांचं 2014 मधलं ‘व्ह्यू’. रिअॅक्टला तर त्याचे कर्ते स्वतः फ्रेमवर्क नाही, लायब्ररी म्हणतात. त्या वादात पडू नका. तुकडे करणं, वरून माहिती देणं, स्थिती सांभाळणं, हे सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. एक आलं की दुसरं फार परकं वाटत नाही.

मला नोकरी लागली का? नाही. दोन ठिकाणी अर्ज केले. एकीकडे मधल्या वीस वर्षांबद्दल विचारलं, दुसरीकडून उत्तर आलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण पनवेलच्या एका महिला बचत गटाचं पापड-लोणच्यांचं पान मी करून दिलं आणि त्याचे पैसे घेतले. 2003 नंतर या कामाची ही माझी पहिली कमाई. त्यातून लेकीला नवा चार्जर आणला, माझ्यामुळे जुना खराब झाला म्हणून!

2024 च्या दिवाळीत आम्ही पुन्हा एकत्र फराळ केला. एकही ऑर्डर दोनदा झाली नाही, एकही राहिली नाही. आजोबांच्या करंज्या वहिनींनी स्वतः नेऊन दिल्या, डब्यावर नाव घालून.

वहिनी अजूनही एक वही ठेवतात. ‘लाइट गेली तर?’ म्हणतात. मी काही बोलत नाही. फक्त माझी वही मी त्यांना देऊन टाकली आहे.